पायाखालचं पैठण: गावठाणातल्या एका इमारतीचं प्रकरण

पैठणच्या जुन्या गावठाणात, घाटाकडे उतरणाऱ्या गल्ल्यांच्या वरच्या अंगाला, अकरा गुंठ्यांचा एक भूखंड. वरचा वाडा पडून गेलेला, मिळकत पत्रिकेवर चार भावांची नावं. दोघे छत्रपती संभाजीनगरला, एक पुण्यात, थोरला गावातच. चौघांनी मिळून एका विकासकाशी करारनामा केला: खाली दुकानं, वर चार मजले, वीस फ्लॅट, त्यातले सहा भावांचे आणि चौदा विक्रीला. तळघरात पार्किंग आणि पाण्याची टाकी. नगर परिषदेची परवानगी आली, महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक आला, दसऱ्याला भूमिपूजन झालं आणि चौथ्या दिवशी पोकलेनच्या बकेटला भाजलेल्या मातीची कडी लागली.

हा भूखंड, हे भाऊ आणि हा विकासक मी मांडणीसाठी रचलेले आहेत. कुणा खऱ्या माणसाकडे बोट जाऊ नये एवढाच हेतू. पैठण, तिथली माती, कायद्याची कलमं आणि साइटवरची रीत मात्र जशी आहे तशीच घेतली आहे. मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या गावठाणात हे घडू शकतं. घडल्यावर पहिल्या आठवड्यात काय होतं त्यावर पुढचं सगळं ठरतं, म्हणून तो आठवडा मी इथं सावकाश सांगणार आहे.

पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी टिपणात भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, अशी नोंद आहे. पैठणहून अकीकासारखे दगड गाड्यांतून भडोचला जात, असंही त्यात लिहिलंय. सातवाहन गेले, यादव आले, बहमनी आले, निजामशाही आली, एकनाथ महाराजांचं सोळावं शतक आलं, मोगल आणि आसफजाही आले. लोक गोदावरीच्या याच काठाला धरून राहिले. मातीचं घर पडलं की तीच माती सपाट करून वर नवं घर. चुलीची राख, फुटकी मडकी, शेणाची सारवणं, जनावरांची हाडं जागच्या जागी जिरत गेली. अशी शतकानुशतकं साचलेली जमीन म्हणजे पांढर. जुनं खाली, नवं वर, असा तिच्यातला क्रम असतो, आणि तो क्रम मोडला की परत लावता येत नाही.

इथं शास्त्रीय उत्खननंही झालेली आहेत. निजामाच्या काळात हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्यानं १९३०च्या दशकात खोदलं, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं १९६५ साली, आणि १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्वेक्षण आणि ब्रिटिश संशोधक यांनी मिळून. या शेवटच्या कामाचा सविस्तर अहवाल छापून यायला २०२० उजाडलं. यात दोष कुणाचा नाही. खापरं मोजायची, नाणी स्वच्छ करायची, कोळसा प्रयोगशाळेत पाठवायचा, मग काळ ठरवायचा. या कामाला वेळ लागतोच. पण साइटवर भाड्याचं पोकलेन तासावर चालतं. या दोन घड्याळांचा मेळ बसवायची सोय आपण कुठंच केलेली नाही, आणि या प्रकरणाचं मूळ तिथं आहे.

मातीच्या अहवालात सगळं आलेलं होतं

नकाशा मंजूर होण्याआधी दोन बोअर घेऊन मातीची तपासणी झाली होती. अहवालातली नोंद अशी: वरचे ०.९ मीटर डबर आणि वाड्याची पडझड, तिथून ५.१ मीटर खोलीपर्यंत करड्या रंगाचा राखट भराव, त्यात विटांचे आणि खापरांचे तुकडे, कोळसा. त्याखाली पिवळसर पोयटा, मग मुरूम. शिफारस: भराव पूर्ण काढून मूळ जमिनीवर फुटिंग (खांबाखालचा रुंद पाया) घ्यावं.

स्थापत्य अभियंत्याच्या नजरेतून ही शिफारस चोख आहे. भराव सैल असतो, भार पेलत नाही, पावसाळ्यानंतर बसतो. त्यावर पाच मजले उभे करणं म्हणजे भिंतींना तडे ठरलेले. पण या शिफारशीचा दुसरा अर्थ बघा. जिथं पांढर जाड, तिथं पाया खोल. आणि पाया खोल म्हणजे पांढर संपेपर्यंत सगळी माती उचलायची. नव्या वसाहतीत काळ्या मातीखाली दीड-दोन मीटरवर मुरूम लागतो, तिथं उचलण्यासारखं काही नसतं. नेमक्या जुन्या वस्तीच्या जागी बांधकामाचा नियमच शेवटच्या थरापर्यंत खणायला लावतो. या इमारतीचं क्षेत्र साधारण ६५० चौरस मीटर. पाच मीटर खोलीनं हिशेब केला तर सव्वातीन हजार घनमीटर माती. कुठल्याही विद्यापीठाच्या उत्खननात एका हंगामात याच्या पासंगालाही न पुरणारी माती खुरप्यानं निघते. इथं ती दहा-बारा दिवसांत निघाली असती.

तो अहवाल माती तपासणारा, स्ट्रक्चरल डिझायनर, वास्तुविशारद आणि नगर परिषदेचा बांधकाम अभियंता अशा सगळ्यांच्या टेबलावरून गेला. ‘राखट भराव, खापरांचे तुकडे’ हे शब्द सगळ्यांनी वाचले असणार. वाचून काय करायचं याचा रकाना मात्र कुठल्याच फॉर्मवर नाही. माझ्या मते सगळ्यात स्वस्त संधी इथं हातची गेली, कारण तेव्हा एकही फ्लॅट विकलेला नव्हता.

चौथा दिवस

दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी ऑपरेटरनं मशीन थांबवलं. गंगापूर तालुक्यातला तरुण साइट इंजिनिअर वर उभा होता. “सायेब, मातीत कडे निघायलेत. एकाखाली एक. रांजण नाही हे.”

ती विहीर होती. भाजलेल्या मातीची कडी एकावर एक बसवून केलेली. प्रत्येक कडं पाऊण मीटरच्या आत-बाहेर रुंद, वीतभर उंच, वरच्याचा ओठ खालच्यात बसेल असा घडवलेला. सातवाहनकालीन गावांत अशा विहिरी सापडतात. काही पाण्यासाठी, काही सांडपाणी जिरवायला. बकेटनं वरची चार कडी चुरडली होती. खालची सात खड्ड्याच्या भिंतीत उभी कापल्यासारखी दिसत होती, त्यामुळे बांधायची पद्धतही उघडी पडली. कडं आणि कच्ची जमीन यांच्यामधल्या फटीत मुद्दाम खापरांचा चुरा आणि गोटे ठासलेले, पाणी झिरपावं पण माती आत येऊ नये म्हणून. विहिरीच्या आतली माती बाहेरच्यापेक्षा काळी आणि भुसभुशीत; वापर थांबल्यावर लोकांनी तिच्यात कचरा टाकला असणार. त्या काळ्या मातीत एक अख्खं मडकं आडवं पडलेलं दिसत होतं.

सात पावलांवर भिंतीचा एक तुकडा होता, विटा ४२ सेंटीमीटर लांब. आजची वीट तिच्या निम्म्याइतकीच भरते. एवढ्या लांबरुंद विटा सातवाहन काळाची ठळक खूण मानतात.

आणि नाणी. मजुरांना सकाळपासून काळे गोळे सापडत होते. एकानं चिंच लावून दगडावर घासलं, तर सोंड उचललेला हत्ती दिसला. सातवाहनांची बरीच नाणी शिशाची किंवा पोटीन नावाच्या मिश्रधातूची असतात. शिशावर काळानुसार जो राखाडी-पांढरा थर चढतो, त्यातच पुष्कळदा छापाची कड टिकलेली असते. थर घासला की खालचा धातू चमकतो आणि अक्षरं जातात. त्या मजुराला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याच्यासाठी ते बाजारात पन्नास-शंभर रुपयांना जाणारं काहीतरी होतं, आणि घासलं की भाव येतो एवढंच त्याला ठाऊक.

तोवर चार दिवसांची माती बाहेर गेलेली होती. काही टिपर एका प्लॉटच्या भरावाला, काही एका शेतात. जुनी पांढरी माती शेतकऱ्याला खत म्हणून हवीच असते, आणि माळवदाच्या घरांच्या छतावरही पूर्वापार तीच पडत आली आहे. त्या शेतात पुढं नांगरट झाली की अकीकाचे मणी आणि शंखाच्या बांगड्यांचे तुकडे वर येतील, कुणीतरी ते जमा करील, आणि ते मणी मुळात तिथलेच असं मानलं जाईल.

संध्याकाळी विकासक साइटवर आला. त्याचं पहिलं वाक्य साइटवर काम केलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल: “आज रात्रीतून उचलून टाका, उद्या पीसीसी.” पीसीसी म्हणजे पायाखालचा साध्या काँक्रीटचा थर.

त्याला खलनायक करून हे प्रकरण सुटणार नाही. त्याची बाजू कागदावर मांडून पाहू. अकरा फ्लॅटचं बुकिंग झालेलं होतं, बहुतेक कुटुंबांनी गृहकर्ज काढलेलं. ताब्याची तारीख महारेराच्या संकेतस्थळावर चढलेली. रेरा कायद्याच्या कलम १८ नुसार ताबा लांबला तर ग्राहकाला व्याज द्यावं लागतं किंवा त्यानं मागितले तर सगळे पैसे परत. मुदतवाढ मिळते ती कलम ६ खाली, आणि तिथं अपरिहार्य कारणांची यादी दिलेली आहे: युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा निसर्गानं ओढवलेली इतर आपत्ती. जमिनीखाली दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव निघणं या यादीत बसत नाही. विकासकाची चूक नसेल तर प्राधिकरण जास्तीत जास्त एक वर्ष वाढवू शकतं, पण तो त्यांचा विवेक, याचा हक्क नव्हे. म्हणजे सांगितलं तर नुकसान नक्की, झाकलं तर बहुधा काहीच नाही. हा हिशेब त्यानं बनवलेला नाही, त्याला तो आयता मिळाला.

त्या रात्री माती उचलली गेली नाही, त्याचं श्रेय साइट इंजिनिअरला आणि थोरल्या भावाला. इंजिनिअरनं विहिरीचे फोटो कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या सरांना पाठवले होते. सर रात्री नऊला टॉर्च घेऊन आले. थोरल्या भावाला त्यांनी एवढंच विचारलं, “काका, तुमच्या आजोबांच्या वाड्याखाली काय होतं ते बघायचंय का, का नाही?” काका म्हणाले, “बघू की. पण काम बंद पडता कामा नये.” मग असं ठरलं की पूर्वेकडच्या अर्ध्या भागात, जिथं अजून वरचं डबरच निघत होतं, तिथं काम चालू ठेवायचं आणि विहिरीच्या भोवतीची दहा मीटरची जागा दोरी लावून सोडायची.

कोणता कायदा लागतो?

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात, आणि उत्तर ऐकून चकित होतात.

संरक्षित स्मारकांचा केंद्रीय कायदा १९५८चा, आणि त्यात २०१०ला झालेल्या दुरुस्तीनुसार स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. महाराष्ट्राचा स्वतःचा तसाच कायदा १९६०चा. पण हे दोन्ही कायदे जे आधीच माहीत आहे, अधिसूचित आहे, त्याचं रक्षण करतात. आपला भूखंड या अंतराच्या बाहेर. त्याच्या पोटात काय आहे याच्याशी या कायद्यांना देणंघेणं नाही.

उरतो १८७८चा निखात निधीचा कायदा, व्हाइसरॉयच्या काळातला. जमिनीत दडलेली मोलाची कुठलीही वस्तू म्हणजे निधी. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा निधी सापडला की सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं: काय सापडलं, अंदाजे किंमत किती, कुठं आणि कोणत्या तारखेला. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा हमी द्यायची. मग जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतो आणि दावेदारांना चार ते सहा महिन्यांनंतरच्या तारखेला बोलावतो. कुणाचाच दावा सिद्ध झाला नाही तर निधी बेवारस ठरतो, आणि सापडणारा व जागामालक यांच्यात वेगळा करार नसेल तर वाटणी अशी: तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला, एक चतुर्थांश जागामालकाला. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. न कळवणाऱ्याचा हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

यातल्या दोन गोष्टींकडे माझं लक्ष पुन्हा पुन्हा जातं. सापडणारा म्हणजे कोण? विकासक नव्हे, भाऊ नव्हेत. चिंच लावून नाणं घासणारा तो मजूर. मूळ कायद्यानं मोठा हिस्सा त्याचा, आणि साइटवर एकाही माणसाला हे माहीत नसतं. आणि दुसरी: कायदा जागा विचारतो, तारीख विचारतो, किंमत विचारतो. खोली विचारत नाही. थर विचारत नाही. बाजूला काय होतं ते विचारत नाही. कायदा बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हंडा होता, गाव नव्हतं.

हंड्याचीही किंमत तो अख्खा हाती आला तरच कळते. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला, १३,०००हून जास्त नाणी, सगळी सातवाहनांचा प्रतिस्पर्धी असलेल्या क्षत्रप राजा नहपानाची. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला होता. नहपानाचा पराभव कुणी केला आणि त्याची नाणी कुणी आपल्या नावानं चालवली, हे त्या प्रमाणातून दिसतं. साठा फुटून सराफांकडे गेला असता तर असं एखाददुसरं नाणं कुठंतरी दिसलं असतं आणि वाद चालू राहिला असता.

थराचं महत्त्व जालना जिल्ह्यातल्या भोकरदनवरून कळावं. तिथं १९७३ साली मराठवाडा आणि नागपूर विद्यापीठांनी उत्खनन केलं, त्यात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भंगलेला भाग सापडला. इटलीतल्या पाँपेईत १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचं जवळचं साम्य आहे, आणि पाँपेई इसवी सन ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं. पाँपेईची मूर्ती दख्खनमध्ये, कदाचित भोकरदनलाच घडली असावी, असं अभ्यासक म्हणू शकले ते भोकरदनचा तुकडा कोणत्या थरातून, कशाच्या संगतीत आला याची नोंद होती म्हणून. तोच तुकडा टिपरमधून शेतात पडला असता तर तो गट नंबर खोडलेल्या सातबाऱ्यासारखा झाला असता: कागद खरा, पण जमीन कुठली ते सांगता येत नाही.

पंचनामा

सहाव्या दिवशी सरांनी मसुदा करून दिला आणि विकासकानं तहसीलमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवलं. तलाठी आणि मंडळ अधिकारी आले. पंचनाम्यात लिहिलं गेलं: मातीची गोल कडी नग ७, फुटकी मडकी नग १४, अख्खं मडकं नग १, शिशासारख्या धातूची नाणी नग २३, मणी नग ३१, हाडांचे तुकडे, जुन्या विटा. खाली पंचांच्या सह्या. महसुली पद्धतीनं हे काम नेटकं झालं. फक्त तेवीस नाण्यांतली किती विहिरीतली, किती भिंतीजवळची आणि किती टिपरमधून परत आणलेली, हे त्यात नव्हतं. सरांनी प्रत्येक वस्तूच्या पिशवीत वेगळी चिठ्ठी टाकली: जागा, खोली, कुणाला सापडली, किती वाजता. सापडणाऱ्याचं नाव लिहिलं, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत चांगलं काम वाटतं.

नवव्या दिवशी पुरातत्त्व विभागाची माणसं आली, दोन दिवस राहिली. गावातल्या लोकांना वाटलं आता मोठं उत्खनन होणार. तसं ते करूच शकत नव्हते. १९५८च्या कायद्याचं कलम २४ सांगतं की संरक्षित नसलेल्या जागी राज्य सरकारलासुद्धा पुरातत्त्वीय उत्खनन करायचं तर केंद्राची पूर्वपरवानगी लागते. ती हंगामाच्या हिशेबानं मिळते, खड्डा उघडा पडला म्हणून आठवड्यात नाही. मग त्यांनी जे करता येतं ते केलं. पोकलेननं कापलेली उभी भिंत खुरप्यानं आणि ब्रशनं साफ केली. दोरी ओळंब्यानं बांधून मोजमापं घेतली. भिंतीवर थर वेगवेगळे दिसायला लागले: वर वाड्याचा चुना आणि डबर, खाली रंगीत काचेच्या बांगड्यांचे तुकडे असलेला बहमनी काळाचा थर, मग एक पातळ, जळालेला पट्टा, त्याखाली सारवलेल्या जमिनीच्या एकावर एक रेषा, आणि तळाशी तांबड्या झिलईच्या खापरांचा जाड थर, ज्यात विहिरीचं तोंड उघडत होतं. विहिरीतली माती पाण्याच्या पिंपात टाकून ढवळली, वर तरंगलेले जळके दाणे चाळणीवर घेतले. कोळशाचे नमुने फॉइलमध्ये गेले. मजूर भोवती उभे राहून बघत होते. त्यातल्या एका बाईनं दाणे पाहून लगेच सांगितलं, “तूर हाय ही.”

पाया बदलला

ही विहीर वाचली ती पुरातत्त्वापेक्षा स्ट्रक्चरल डिझाइनमुळे. सरांनी आणि साइट इंजिनिअरनं डिझायनरसमोर सरळ प्रश्न ठेवला: भराव न काढता इमारत उभी राहील का?

राहते. ४५० मिलिमीटर व्यासाचे पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, बोअर करून मुरमात टेकवायचे, प्रत्येक कॉलमखाली दोन, वर त्यांना जोडणारी पाइल कॅप. २८ कॉलमचे ५६ पाइल. एका पाइलचं क्षेत्रफळ ०.१६ चौरस मीटर, सगळ्यांचं मिळून नऊ. ६५० चौरस मीटरमधले नऊ, म्हणजे दीड टक्क्याच्या आत. पाइल कॅप वरच्या दीड मीटरमध्ये बसतात, तिथं बहुतेक वाड्याचाच डबर होता. चार पाइल विहिरीवर आणि भिंतीवर येत होते, ते सरकवले. तळघर रद्द, पार्किंग तळमजल्यावर स्टिल्टमध्ये, म्हणजे नुसत्या खांबांच्या मोकळ्या जागेत, दोन दुकानं कमी. खणलेला भाग धुतलेल्या वाळूनं भरला; विहिरीवर आधी जिओटेक्स्टाइलचा (जमिनीत घालायच्या टिकाऊ कापडाचा) पडदा, मग वाळू, म्हणजे पुढं कधी कुणी खणलं तर कुठं थांबायचं ते कळावं.

हे निर्दोष उत्तर नाही. पाइल ज्या दीड टक्क्यातून जातात तिथलं सगळं जातं, आणि इमारत उभी असेतो खालच्या पांढरीपर्यंत कुणी पोचणार नाही. पश्चिमेकडची अर्धी जागा तर आधीच पाच मीटर उचलली गेली होती. तरी खड्ड्यात सगळं जाण्यापेक्षा जमिनीत राहणं शंभर पटीनं बरं. खर्च वाढला तो पाइलिंगचा, पण भराव खणून वाहून नेण्याचा आणि बाहेरून मुरूम आणून दाबण्याचा खर्च वाचला. डिझायनरचं म्हणणं असं की पहिल्याच दिवशी पाइलचा विचार केला असता तर फरक फारसा पडला नसता. सगळं महागात गेलं ते मध्येच बदलल्यामुळे: नवा नकाशा, नगर परिषदेची सुधारित मंजुरी, रेरात दुरुस्ती, दोन दुकानांच्या ग्राहकांशी बोलणी.

ग्राहकांच्या बैठकीत आधी आरडाओरडा झाला, तो होणारच. एका शिक्षिकेनं विचारलं, “व्याज आम्ही भरायचं आणि मणी संग्रहालयात?” या प्रश्नाला खोलीत कुणाकडेच नीट उत्तर नव्हतं. विकासकानं भाड्यापोटी काही महिन्यांची रक्कम सोसायचं कबूल केलं, प्राधिकरणाकडून मुदतवाढ मागितली. अकरापैकी एका कुटुंबानं बुकिंग काढून घेतलं.

मजुराचा हिस्सा

दिवाळी झाली आणि खड्ड्यावरचे निम्मे मजूर ऊसतोडीला निघून गेले. मुकादमाची उचल घेतलेली, टोळी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यावर. जिल्हाधिकाऱ्यांच्या जाहीर सूचनेतली तारीख फाल्गुनात पडली, तेव्हा नाणं घासणारा तो माणूस फडात होता. सूचना तहसीलच्या फलकावर लागली होती, त्याच्या कोपीवर नाही. चिठ्ठीवर त्याचं नाव होतं म्हणून सरांनी फोन करून कळवलं. त्याचा प्रश्न एकच: “केस तर होणार नाही ना, सर?” नाणी परत केल्याबद्दल आपल्याला काही मिळू शकतं हे त्यानं शेवटपर्यंत खरं मानलं नाही. धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा धरला तर शिशाच्या नाण्यांचे त्याच्या वाट्याला येणारे पैसे येण्या-जाण्याच्या भाड्यालाही पुरत नाहीत. गावच्या बाजारात त्याला त्याच्या कितीतरी पट मिळाले असते. कायदा पाळणाऱ्याला असा तोटा होत असेल तर पुढच्या खड्ड्यात कुणी नाणं दाखवील कशाला? मला विचाराल तर जागेवर, त्याच दिवशी, पावती देऊन बक्षीस देण्याची सोय हवी. रक्कम मोठी नको, पण हातात पडलेली हवी.

पैठणला बाळासाहेब पाटलांच्या संग्रहाचं आणि तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहाचं शासकीय संग्रहालय आहे. दोन्ही संग्रह एकेका माणसाच्या आयुष्यभराच्या ध्यासातून उभे राहिले. पावसानं उघड्या पडलेल्या, शेतकऱ्यांनी आणून दिलेल्या वस्तू त्यांनी जपल्या नसत्या तर आज दाखवायला काही उरलं नसतं. त्या कपाटांसमोर उभं राहिलं की मन भरून येतं, आणि प्रत्येक सुंदर मातीच्या मूर्तीबद्दल ती किती खोल, कशाच्या शेजारी होती हा प्रश्न अडतो. या भूखंडावरच्या पिशव्यांत ती उत्तरं चिठ्ठ्यांवर लिहिलेली आहेत.

शेजारचा भूखंड

याच गल्लीत, दोन घरं सोडून, आणखी एक वाडा पडायला आलाय आणि त्याचीही फाईल नगर परिषदेत गेली आहे. बोअरलॉग, म्हणजे बोअरमधल्या मातीची खोलीवार नोंद, जोडलेला आहे: ४.६ मीटरपर्यंत राखट भराव, खापरांचे तुकडे. या वेळी सरांनी, पहिल्या साइटच्या इंजिनिअरनं आणि, विशेष म्हणजे, त्याच विकासकानं मिळून मुख्याधिकाऱ्यांना एक अर्ज दिलाय. मागणी अशी की गावठाणातल्या ज्या भूखंडाच्या माती अहवालात दोन मीटरपेक्षा जाड राखट किंवा खापरयुक्त भराव दिसेल, तिथं परवानगीत तीन अटी घालाव्यात. पाया शक्यतो पाइलचा असावा. लिफ्टचा खड्डा, टाकी, सेप्टिक टँक अशा जिथं खोल खणावंच लागतं त्या जागा बुकिंग सुरू होण्याआधी पुरातत्त्व विभागाला तारीख कळवून हातानं खणाव्यात, त्यासाठी तीस दिवस राखून ठेवावेत आणि ते दिवस रेराच्या तारखेत आधीच धरावेत. आणि खणलेली माती तपासून होईपर्यंत साइटबाहेर जाऊ नये. विभागाकडून तीस दिवसांत कुणी आलं नाही तर काम पुढं चालू.

शेवटचं वाक्य विकासकानं घालायला लावलं. ते योग्यच आहे असं माझं मत आहे, कारण मुदत नसलेल्या अटीला साइटवर पळवाट काढतात आणि मुदत असलेली पाळतात. सरांना ते पटलेलं नाही. त्यांच्या मते तीस दिवसांत कुणी येणार नाही आणि अट कागदावर राहील. म्हणून त्यांनी अर्जाला पुरवणी जोडली: विभागाचं माणूस आलं नाही तर जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागानं थरांचे मोजमापासह फोटो घेऊन नोंद करावी आणि ती फाईलला लावावी. अर्जावर अजून निर्णय झालेला नाही. वाड्याची मागची भिंत या पावसाळ्यात पडेल असं शेजारी म्हणतात, आणि ती पडली की डबर उचलायला जेसीबी येईल.